नाना पेठेतल्या दुकानासाठी आयपी फोन सिस्टीम घेतली, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्याने एवढंच वाचलं तरी चालेल. छोट्या धंद्याला इंटरनेटवाली फोन सिस्टीम घ्यायची असेल तर टेबलावरचा फोन सगळ्यात शेवटी निवडा. आधी लाइन कुठून येणार ते ठरवा, मग वायर आणि नेटवर्कचा स्विच (सगळ्या फोनच्या वायरी ज्यात जोडतात तो), मग मधला एक्स्चेंजचा डबा, आणि मग उरलेल्या पैशात फोन. दुकानात गेलात की बरोब्बर उलटं होतं, समोर रंगीत स्क्रीनवाला व्हिडिओ फोन ठेवतात, आपण बटणं दाबून बघतो, छान वाटतं, आणि लाइनचं विचारलं की "ते बघू ना साहेब नंतर". मांडवावर सगळा खर्च करायचा आणि आचारी स्वस्तातला आणायचा तसला प्रकार.

आमचं नाना पेठेत टू व्हीलर आणि टेम्पोच्या पार्टचं होलसेल आहे, गोडाऊन फुरसुंगीला. गिऱ्हाईक म्हणजे सासवड, भोर, जुन्नर, बारामती साइडचे गॅरेजवाले, यातले निम्मे लोक व्हॉट्सअपवर फोटो टाकतात पण फोटो टाकून लगेच फोनही करतातच, "बघितला का फोटो?" म्हणून. त्यामुळे फोन हा आमचा खरा काउंटर आहे असं म्हटलं तरी चालेल. जुना इपीएबीएक्स (ऑफिसातल्या फोनचं छोटं एक्स्चेंज) होता, त्याचे कार्ड मिळणं आणि तो रिपेअर करणारा माणूस मिळणं दोन्ही अवघड होत चाललं होतं. एकूणच त्या जुन्या जमान्याचं तसंच झालंय, पॅनासोनिकसारख्या कंपनीने पण पीबीएक्सचा, म्हणजे असल्याच एक्स्चेंजचा, धंदा गुंडाळायचं २०२२ मध्ये जाहीर केलं, मग बाकीच्यांचं काय बोलायचं. चौदा-पंधरा एक्स्टेन्शन (आतले फोन) हवी होती, काउंटर, अकाउंट्स, काकांची केबिन, गोडाऊन, पॅकिंग आणि दोन सेल्सवाली पोरं जी दिवसभर बाहेर असतात.

लाइनचं जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक फसतात. आपल्याकडे लँडलाइनचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येत नाही, मोबाईलसारखी पोर्टेबिलिटी त्याला नाही. आमचा ०२० वाला जुना नंबर आजोबांच्या काळापासून बिलावर, पाटीवर, गॅरेजवाल्यांच्या कॅलेंडरवर छापलेला आहे, तो सोडणं शक्यच नव्हतं. म्हणून पहिला प्रश्न हाच की तो जुना नंबर नव्या डब्यात कसा आणायचा, तर त्यासाठी डब्याला एफएक्सओ पोर्ट लागतो, म्हणजे बाहेरून आलेली टेलिफोनची जोडी ज्यात खोचतात तो. लाइन तांब्याची असो नाहीतर फायबरवर गेलेली असो, फायबरच्या ओएनटी डब्याला (कंपनी फायबरच्या टोकाला लावून जाते तो) मागे टेलिफोनचं एक भोक असतं, तिथून छोटी वायर काढून एफएक्सओत लावली की झालं. एफएक्सओ आणि एफएक्सएस यात गडबड करू नका, एफएक्सएस म्हणजे जिथे आपला जुना साधा फोन लावायचा. दुकानदार कधी कधी दोन्ही एकच सांगतो, आपण कागदावर लिहून न्यायचं.

नवीन नंबरसाठी सिप ट्रंक घेतली, सिप म्हणजे नेटवर्कवरून फोन चालवायची पद्धत आणि ट्रंक म्हणजे बाहेरची लाइन. म्हणजे दहा तांब्याच्या जोड्या ओढण्यापेक्षा एका फायबरवर पाहिजे तेवढे चॅनेल, एकाच नंबरवर एका वेळी अनेक कॉल. एअरटेल, टाटा टेली, जिओ अशा लायसन्सवाल्या कंपन्या देतात. एक गोष्ट आधी माहीत असू द्या, ही ट्रंक बऱ्याचदा आपल्या नेहमीच्या इंटरनेटवरून येतच नाही, कंपनी स्वतःच्या फायबरवर वेगळा पोर्ट देते, आयपी अॅड्रेस पण त्यांचाच, पासवर्डच्या ऐवजी त्या आयपीवरच ओळख पटवतात. म्हणजे आपल्या डब्याला एक पाय ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणि एक पाय कंपनीच्या नेटवर्कमध्ये ठेवता आला पाहिजे. एकच लॅन पोर्ट असलेला डबा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन बसलात तर पुढे राउटरवर कसरत.

आणि एक कळकळीचं. बाजारात सिम टाकायचे गेटवे, म्हणजे लाइन डब्याला जोडून देणारी यंत्रं, मिळतात, चार सिम आठ सिम वाले, सांगणारा म्हणतो अनलिमिटेड प्लॅनचं सिम टाका नि ऑफिसभर फुकट बोला. असल्या सिमबॉक्सवर चालणाऱ्या बेकायदा एक्स्चेंजच्या पोलीस केसेस पेपरात येतच असतात, २०२४ मध्ये एटीएसने आपल्या कोंढव्यातच असलं एक्स्चेंज पकडलं होतं. आपला उद्देश तसला नाही हे खरं, पण तो समजावत चौकीत बसण्यात काय अर्थ आहे. परदेशी कंपनीचा स्वस्त व्हीओआयपी नंबर घेऊन त्यावरून लोकल कॉल करायचे हा पण तसलाच उद्योग. दोन शाखांनी आपापसात इंटरनेटवरून बोलणं वेगळं आणि इंटरनेटवरून आलेला कॉल दुसऱ्या गावच्या लँडलाइनमधून बाहेर सोडणं वेगळं, दुसऱ्याला टोल बायपास म्हणतात आणि ते चालत नाही. शंका असेल तर ट्रंकवाल्या कंपनीला ईमेलवर विचारा, तोंडी नको.

आता डबा. मी चार पर्याय बघितले.

पहिला क्लाउड टेलिफोनी, एक्झोटेल, मायऑपरेटर वगैरे. डबाच नाही, नंबर त्यांच्याकडे, कॉल आपल्या मोबाईलवर येतो, महिन्याचं भाडं. ज्याची पोरं दिवसभर फिरतात, काउंटर नाही, त्याला एकदम बेस्ट, खरंच सांगतो, त्याने पुढचं वाचूच नये. आम्हाला जमलं नाही कारण आमच्याकडे आतल्या आत इंटरकॉम खूप चालतो, काउंटरवरून गोडाऊन, गोडाऊनवरून अकाउंट्स, आणि जुना नंबर तर तिकडे नेता येत नाही, फार तर कॉल फॉरवर्ड.

दुसरा मॅट्रिक्स. वडोदऱ्याची कंपनी, पुण्यात वापरणारे आणि दुरुस्त करणारे दोन्ही भरपूर. त्यांच्या हायब्रिड सिस्टीममध्ये जुने अॅनालॉग फोन आणि नवे आयपी फोन एकाच डब्यावर चालतात. माझं मत विचाराल तर ज्यांच्या ऑफिसात राउटरचं पेज उघडणारं सुद्धा कोणी नाही त्यांनी सरळ हेच घ्यावं, डीलरकडून एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) करून घ्यावी आणि निवांत झोपावं. तेवढी कटकट कमी.

तिसरा, जुन्या पीसीवर फ्रीपीबीएक्स, म्हणजे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर. फुकट. याच्या पोटात अॅस्टरिस्क, जे १९९९ पासून चालत आलंय आणि जगभर लोक वापरतात, दर्जाबद्दल प्रश्नच नाही. पण मग तो पीसी, त्याची हार्ड डिस्क, त्याचे अपडेट हे सगळं आपल्या गळ्यात, आणि जुनी लाइन घ्यायला एफएक्सओचं वेगळं गेटवे लागतंच. माझा एक मित्र मगरपट्ट्यात आयटीत आहे, त्याने हेच घे म्हणून डोकं खाल्लं. त्याला म्हटलं, तू बंगलोरला शिफ्ट झालास की माझ्या काकांना कमांड लाइन कोण शिकवणार.

चौथा ग्रँडस्ट्रीमचा यूसीएम ६३०१, आणि हाच घेतला. गंमत म्हणजे याच्या आत पण अॅस्टरिस्कच आहे, फक्त पंखा नाही, पीसी नाही, वेब पेजवर सगळं. एक एफएक्सओ, एक एफएक्सएस, एकाहून जास्त गिगाबिट पोर्ट, ५०० युजर आणि एका वेळी ७५ कॉलची क्षमता. आम्हाला एवढं लागतच नाही. पण महत्त्वाचं हे की एक्स्टेन्शनमागे लायसन्सचे पैसे नाहीत, उद्या पाच फोन वाढवले तर पाच फोनचेच पैसे. जुने नंबर दोन असतील तर ६३०२ घ्या, त्याला दोन एफएक्सओ. युजरच्या आकड्याकडे बघून मोठं मॉडेल घेऊ नका, छोट्या धंद्यात तो आकडा कधीच भरत नाही. जुन्या नंबरांची संख्या मोजा आणि त्यावरून मॉडेल ठरवा.

सेटिंगमध्ये दोन ठिकाणी आपल्या देशाचं पाणी कळतं. एफएक्सओवर समोरच्याने फोन ठेवला हे डब्याला कळावं लागतं, नाहीतर लाइन तशीच अडकून राहते आणि पुढच्याला नंबर बिझी लागतो. हे बऱ्याचदा बिझी टोन ओळखूनच कळतं, आणि भारतातला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू पाऊण सेकंद बंद. देश इंडिया निवडला की बहुतेक भरून येतं तरी एकदा डोळ्याने बघाच. कॉलर आयडीची पद्धत पण तिथेच असते, नंबर दिसत नसेल तर एफएसके आणि डीटीएमएफ (नंबर पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही करून बघायचं. दुसरं म्हणजे १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावं लागतं. आता काउंटरवरचा पोरगा शून्य लावणार नाही, त्याला मोबाईलची सवय, म्हणून आउटबाउंड रूटमध्येच (बाहेर जाणाऱ्या कॉलचे नियम) टाकून दिलं की दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा नंबर असेल तर पुढे शून्य आपोआप. आणि इमर्जन्सीचा ११२ विसरू नका, रूट लिहिताना तीन आकडी नंबर लोकांच्या लक्षातच राहत नाही.

आयव्हीआर ठेवलेलं नाही. डीलरने खूप आग्रह केला, बाईच्या आवाजात "स्वागत आहे" वगैरे. अहो जुन्नरचा गॅरेजवाला, गाडी खोलून ठेवलीय, हातात ग्रीस, त्याला म्हणायचं सेल्ससाठी एक दाबा? तो शेजारच्या दुकानाला फोन लावेल. रिंग ग्रुप ठेवला, काउंटरचे फोन एकदम वाजतात, कोणी नाही उचलला की अकाउंट्सच्या ताईंकडे जातो आणि ताई ज्या सुरात "हं बोला" म्हणतात त्यामुळे पुढच्या वेळी काउंटरवरची पोरं लवकर उचलतात. रेकॉर्डिंग मात्र सुरू केलं, पेन ड्राइव्हवर जातं, कारण "मी ब्रेक शू सांगितले होते, तुम्ही डिस्क पॅड पाठवलेत" हे भांडण आमच्याकडे कायमचं. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय की कॉल रेकॉर्ड होतो, ते सांगणं बरं. कस्टमरची नावं डब्यातल्या फोनबुकमध्ये भरली की फोनच्या स्क्रीनवर नाव येतं, काका आता "बोला सासवड" म्हणून फोन उचलतात आणि समोरचा खूश.

फोनचं. काउंटर आणि गोडाऊनला ग्रँडस्ट्रीम जीआरपी २६०१ पी घेतले, त्याच्या तोडीस येलिंक टी ३१ पी होता. दोन्ही हातात घेऊन बघा, दोन्ही चांगले. दोन्हीत दोन अकाउंट, छोटी साधी स्क्रीन, एचडी आवाज. माझ्या कानाला येलिंकचा हँडसेट जरा जड आणि बरा वाटला, ग्रँडस्ट्रीम घ्यायचं कारण एवढंच की यूसीएममधून फोन आपोआप सापडतो आणि सेट होतो, प्रत्येक फोनवर जाऊन पासवर्ड टाईप करत बसावं लागत नाही. वेगवेगळ्या कंपनीचे फोन पण चालतात, सिप हे सगळ्यांचं सामायिक स्टँडर्ड आहे, फक्त हाताने भरायचं काम वाढतं.

मॉडेलच्या शेवटचं ते 'पी' अक्षर नीट बघा. पी म्हणजे पीओई, म्हणजे लॅनच्या वायरीतूनच करंट. याच मॉडेलचा पी नसलेला फोन दोन-चारशे स्वस्त पडतो पण मग प्रत्येक टेबलाखाली एक अॅडॉप्टर, एक प्लग, आणि झाडू मारताना रोज कोणीतरी तो काढणार. उलट बाजूने, पीओईवाल्या मॉडेलबरोबर अॅडॉप्टर सहसा येत नाही, तेव्हा स्विच साधा असेल तर फोन सुरूच होणार नाही. दोन्ही एकत्र ठरवायचं.

अजून एक बारीक गोष्ट, या दोन्ही फोनचे मागचे पोर्ट १०/१०० आहेत. फोनमधून पुढे कॉम्प्युटर जोडला तर कॉम्प्युटरला १०० एमबीपीएसच मिळणार. टॅलीला पुरेसं आहे, आमच्या काउंटरवर तसंच जोडलंय, वायर वाचली. पण ज्या टेबलावर मोठ्या डिझाइन फाइल उघडतात तिथे टी ३१ जी सारखा गिगाबिट फोन घ्या नाहीतर कॉम्प्युटरला वेगळी वायर टाका.

रिसेप्शनला एकच मोठा फोन, येलिंक टी ४३ यू. त्याला बाजूला लाइटवाली बटणं आहेत, तीन पानं मिळून २१, कोणाचं एक्स्टेन्शन बिझी आहे ते लाल दिव्यावरून दिसतं आणि बटण दाबून कॉल ट्रान्सफर. असला फोन प्रत्येकाला द्यायची गरज नाही, जो कॉल वाटतो त्यालाच. काकांना व्हिडिओ फोन हवा होता. त्यांना विचारलं, समोर कोणाकडे आहे व्हिडिओ फोन? विषय संपला. टचस्क्रीन तर पार्टच्या दुकानात नकोच, ग्रीसच्या बोटांना रबरी बटणच बरं.

जुने साधे फोन टाकून देऊ नका. पॅकिंगच्या खोलीत जुनी दोन तारेची वायरिंग भिंतीत आहे, नवीन लॅन वायर न्यायची तर भिंत फोडावी लागली असती, आणि पेठेतल्या जुन्या वाड्याची भिंत फोडायला घेतली की कुठे थांबेल सांगता येत नाही. तिथे एचटी ८०२ अॅडॉप्टर लावला, त्याला दोन एफएक्सएस, त्यावर जुने बीटेलचे फोन मस्त चालतात. ज्यांच्याकडे सगळ्या बिल्डिंगभर जुनी क्रोन बॉक्सवाली (टेलिफोनच्या तारा एकत्र आणणारा डबा) वायरिंग आहे, लॉज, हॉस्टेल, छोटं हॉस्पिटल, त्यांनी तर आयपी फोनच्या नादाला लागूच नये, १६ पोर्टचा जीएक्सडब्ल्यू ४२१६ गेटवे घ्यावा आणि जुने फोन तसेच ठेवावे. फोनमागे हजारो रुपये वाचतील.

आता वायर आणि स्विच, जे कोणाला दाखवता येत नाही. पीओई स्विच १६ पोर्टचा घेतला. साधा पीओई, ज्याला ८०२.३ एएफ म्हणतात, त्यात पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देता येतात, हे साधे फोन त्याच्या कितीतरी खाली खातात. त्यामुळे पीओई प्लस वगैरे फोनसाठी लागत नाही, कॅमेरे पण त्याच स्विचवर लावणार असाल तर एकूण वॉटचा आकडा बघा, पोर्ट १६ असले तरी सगळ्यांना मिळून किती वॉट देणार ते वेगळं लिहिलेलं असतं. 'पॅसिव्ह पीओई' लिहिलेलं असेल तर हात लावू नका, ते न विचारता करंट सोडतं.

केबल तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर ३०५ मीटरचे बॉक्स दोन भावात मिळतील, जवळजवळ दुप्पट फरक. स्वस्तवाली सीसीए असते, आतून अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडा, आत चांदीसारखी पांढरी दिसली की परत द्या. नुसत्या कॉम्प्युटरला ती कशीबशी चालून जाते पण पीओईचा करंट त्यातून लांबवर न्यायचा म्हणजे व्होल्टेज पडतो, तार तापते, फोन मधेच रिस्टार्ट होतो आणि सगळे शिव्या फोनला घालतात. दुकानदाराला "प्युअर कॉपर, बिलावर लिहून द्या" म्हटलं की तो आपोआप दुसरा बॉक्स काढतो. बिल पक्कंच घ्या, अठरा टक्के जीएसटीचं इनपुट मिळतं आणि वॉरंटीला तोच कागद लागतो.

इंटरनेट स्पीडवर लोक फार भांडतात. जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करायची पद्धत) एक कॉल, सगळा ओव्हरहेड धरून, एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस घेतो. म्हणजे दहा जण एकदम बोलले तरी एक एमबीपीएस भरत नाही. तीनशेचा प्लॅन घेऊन आवाज सुधारत नाही. आवाज तुटतो तो जिटरमुळे, पॅकेट मागेपुढे आल्यामुळे, आणि तोंडापासून कानापर्यंत १५० मिलीसेकंदच्या वर उशीर झाला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. त्यामुळे राउटरमध्ये आवाजाला पहिला नंबर द्या, आणि नेटवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये सिप एएलजी नावाचं एक सेटिंग असतं ते बंद करा. नावावरून वाटतं सिपला मदत करत असेल, पण पुष्कळ राउटरमध्ये त्याच्यामुळेच एका बाजूचा आवाज गायब होतो किंवा कॉल ठराविक वेळाने कटतो. फोन वायफायवर नको, पेठेत एका भिंतीआड वीस वायफाय आहेत.

फुरसुंगीचं गोडाऊन जोडायला दोन्हीकडे छोटे मायक्रोटिक राउटर लावले आणि मध्ये वायरगार्ड व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच दोन्हीकडचा खाजगी बोगदा. दुकानाच्या कनेक्शनला स्टॅटिक आयपी घेतला, गोडाऊनला नाही घेतला, एका बाजूला पक्का पत्ता असला की पुरतं. बरेच ब्रॉडबँडवाले आजकाल अनेक गिऱ्हाइकांना एकाच पब्लिक आयपीच्या मागे ठेवतात, तिथे बाहेरून आत येता येत नाही, म्हणून हे आधी विचारा. सेल्सच्या पोरांना मोबाईलवर ग्रँडस्ट्रीमचं वेव्ह अॅप दिलं, ते फुकट आहे, एक्स्टेन्शन मोबाईलवर वाजतं. अँड्रॉइडवर त्या अॅपचं बॅटरी सेव्हिंग बंद करावं लागतं नाहीतर फोन झोपतो आणि कॉल येतच नाही. कोकणात उतरताना घाटात इंटरनेटची रेंज गेली की ते अॅप काही करू शकत नाही, तिथे कॉल सरळ त्यांच्या मोबाईल नंबरवर जाईल असं ठेवलंय.

एक डीलर (नाव नको) कोटेशनमध्येच लिहून आला होता की पोर्ट ५०६० (डब्यात सिप कॉल येतो तो दरवाजा) इंटरनेटला उघडा ठेवू म्हणजे बाहेरून फोन जोडता येईल. असल्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. उघडा पोर्ट दिसला की जगभरातून पासवर्ड ओळखायचे प्रयत्न सुरू होतात, एखादं एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्ड पण १०१ असं सापडलं की रात्रीतून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल जातात आणि बिल आपल्या नावावर. आम्ही आयएसडी ट्रंकवाल्या कंपनीकडूनच बंद करून घेतलं, डब्यात पण रूट नाही, बाहेरून यायचं ते फक्त व्हीपीएनने.

लाईटचं. गुरुवारी लाईट जाते हे पुण्यात कोणाला सांगायला नको. जुन्या लँडलाइनला करंट एक्स्चेंजवरून यायचा, आता ओएनटी, राउटर, स्विच, यूसीएम यातलं एक जरी बंद पडलं तरी फोन मेला. इथे पीओईचा खरा फायदा कळतो, सगळे फोन स्विचवरून चालतात म्हणून एका कोपऱ्यातला एक इन्व्हर्टर सांभाळला की सगळं चालू. आमचं सगळं मिळून शंभर वॉटच्या आत आहे, १५० एएचच्या बॅटरीवर दिवस आरामात निघतो. फक्त ट्रंकवाल्याचा ओएनटी पण त्याच प्लगवर आहे ना ते बघा, ते लोक जिथे सॉकेट दिसेल तिथे लावून जातात. आणि ज्यांची लाइन अजून तांब्याची आहे त्यांनी वळवाच्या आधी लाइनवर सर्ज अरेस्टर आणि धड अर्थिंग करून घ्या, वीज खांबावर पडते आणि जळतो आपला एफएक्सओ पोर्ट.

स्टार द्यायचेच तर यूसीएम ६३०१ ला चार, एक कापला कारण मेनू एवढे आहेत की नवीन माणूस हरवतो आणि मदतीची पानं सगळी इंग्रजीत. जीआरपी २६०१ पी ला चार, किमतीच्या मानाने तक्रार नाही, स्क्रीन मात्र लहान आहे, काकांना चष्मा लावावा लागतो. टी ४३ यू ला साडेचार. एचटी ८०२ ला पाच, एवढासा डबा आहे आणि लावल्यापासून त्याच्याकडे कोणी बघितलेलं नाही. हेडसेट अजून घेतले नाहीत, ताईंना हवाय, दोन्ही कानांवरचा नको एका कानाचा हवा कारण दुसऱ्या कानाने त्यांना काउंटरवर काय चाललंय ते ऐकायचं असतं. कोणी आरजे ९ पिनवाला, वायरीचा, एका कानाचा चांगला वापरला असेल तर मॉडेल सांगा.